पाच जण नापास

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांची पाचच्या पाच माणसं एकाच सकाळी लायसन्सच्या टेस्टमध्ये नापास झाली, आणि तीही एकाच चुकीसाठी. कुणीच वेळेवर ब्रेक दाबला नाही. शेवटच्या बाईंनी गाडी थेट कुंपणात घातली तेव्हा इन्स्पेक्टर वैतागून म्हणाले, "ब्रेक कशाशी खातात हे तरी सांगितलंय का तुमच्या मास्तरांनी?"

आता यातली गोम सांगायला हवी. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो अडीअडचणीला वापरायचा. मास्तर पडले शांत गृहस्थ. बावीस वर्षांत त्यांचा आवाज चढला नव्हता. कुणी गाडी खांबाकडे नेली तर म्हणत, "खांबाची विचारपूस झाली असेल तर निघू या." पण या खेपेला चौक दिसला, की शंभर फूट आधीच त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. शिकणाऱ्यांना पत्ताच नाही. आपलाच पाय बसला म्हणून मंडळी खूश! शिवणकाम करणाऱ्या ताई तर शेजारणींना सांगत सुटल्या होत्या, "नुसता पाय टेकवला की गाडी थांबते गं."

पाय जायचा भीतीने, आणि मास्तरांची भीती वेगळीच होती. सिग्नलला पुढे गाड्या, मागे गाड्या, काचा चढवलेल्या, आणि छातीत धडधड सुरू. हात बधिर व्हायचे, घशाला कोरड पडायची. आपण आता इथेच मरणार, असं त्यांना अगदी खरं वाटायचं. मग सिग्नल सुटायचा आणि मास्तर कोरड्या तोंडाने म्हणायचे, "पहिला गिअर. घाबरू नका." दिवसातून पन्नास वेळा दुसऱ्याला घाबरू नका म्हणणाऱ्या माणसाने स्वतःची भीती सांगायची तरी कुणाला? घरी आले की ते बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसत. बायकोला वाटे, पोट बिघडलंय. ती बिचारी पोटाचं औषध देत राहिली, आणि मास्तर ते मुकाट्याने घेत राहिले.

पाच जण नापास झाल्याचं कळलं आणि मास्तरांचं अवसानच गळालं. उद्या आपल्यामुळे कुणाचा तरी जीव जाईल, हे एकदा मनात बसलं ते उठेना. किल्ली कपाटात गेली, फोन बंद झाला. आधी तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं थांबलं, मग उंबरठा ओलांडणं. पुढे पुढे बाहेरच्या खोलीतली खिडकीसुद्धा नकोशी झाली. उरलं काय, तर चार बाय सहाचं बाथरूम आणि आतली कडी. तिथे बसून, यापेक्षा आपण नसलेलं बरं, असाही विचार त्यांनी एकदोनदा नाही, बऱ्याचदा केला.

विसाव्या दिवशी सकाळी अकराला पाचही नापास मंडळी जाब विचारायला दारात हजर झाली. मास्तरांनी आतून कडी लावली. बायको म्हणाली, "ते बाहेर गेलेत."

पाचांत एक निवृत्त पोस्टमन होते. आयुष्य लोकांच्या दारात गेलेलं. त्यांनी दारातले बूट पाहिले, चपला पाहिल्या. "अनवाणी?" त्यांनी हळूच विचारलं. बायकोला रडूच फुटलं.

पोस्टमन बाथरूमच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"सर, ते ब्रेक तुम्हीच दाबत होतात ना?"

आत नळ वाहत होता.

"रागावून नाही विचारत. मी दारापर्यंत जायचो सर, हातात पत्र असायचं, पण बेल दाबवायची नाही. एका गल्लीची सात आठवड्यांची पत्रं पिशवीतच घरी आणली. चौकशी लागली तेव्हा कुठे तोंड उघडलं मी."

नळ बंद झाला.

"छातीत धडधडायचं?" आतून आवाज आला.

"धडधडायचं म्हणजे? जिन्यात ऐकू जाईल असं वाटायचं."

"मग?"

"मग डॉक्टर. आणि दर मंगळवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही चौदा जण बसतो. तिथे कुणी कुणाला घाबरू नका म्हणत नाही."

शेवटी ताईंचा धीर सुटला. "सर, मी भांडायला आले होते. ते राहू दे. पण आता तुम्ही बाहेर या, नाहीतर मी आत येते!"

कडी निघाली. दाढी वाढलेले, डोळे खोल गेलेले मास्तर बाहेर आले आणि कुणाकडेच बघेनात.

गाडीचं नाव काढताच त्यांना घाम फुटला, म्हणून डॉक्टरांकडे चालत जायचं ठरलं. पाचांतले बाकीचे तिघे जण खाली रस्त्यावर थांबले. उगाच गर्दी नको. दुसऱ्या मजल्यावर मास्तरांनी कठडा घट्ट धरला. "नाही जमणार. परत जाऊ या." कुणी ओढलं नाही. पोस्टमन सरळ पायरीवर बसले. "बसू या की. मला कसली घाई? मी तर नापास आहे." मास्तरही बसले. अर्ध्या तासाने उठले. चौकात पुन्हा पाय अडले, ताईंनी मनगट धरून ठेवलं, आणि वीस मिनिटांच्या वाटेला दीड तास लागला.

डॉक्टरीणबाईंनी बायकोला, ताईंना आणि पोस्टमनना आत बसू द्यायचं का ते आधी मास्तरांना विचारलं. मास्तरांनी होकाराची मान हलवली.

"कधीपासून होतंय हे?"

"वीस दिवस झाले," बायको म्हणाली.

"नाही हो वहिनी," ताई म्हणाल्या. "तीन महिने तरी. माझ्या पहिल्या दिवसापासून ब्रेक सरच दाबत होते."

सगळे मास्तरांकडे बघू लागले. तीन महिने म्हणून मोकळं होता आलं असतं. मास्तरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले.

"सहा वर्षं," ते म्हणाले.

बायकोला राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "मी घरातच होते की."