सहवासाचा परवाना

तृपत कौरने वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी अठरा चाकी ट्रकचे लायसन्स काढण्याचा संकल्प सोडला, तो धनासाठी नव्हे, कीर्तीसाठीही नव्हे. केवळ पतीच्या सहवासासाठी. विवाहाला बावीस वर्षे झाली होती. त्यांतली पहिली दहा वर्षे अजायबसिंग कॅनडात होता आणि ती पंजाबात रायकोटजवळच्या गावी. उरलेली बारा ती कॅनडातल्याच ब्रॅम्प्टनात होती आणि अजायबसिंग ट्रकवर. महासागर ओलांडून तिने विरहाचा पत्ता तेवढा बदलला होता.

या विरहावर उतारा होता तो फोनचा. अजायबसिंग कानात यंत्र अडकवून मॅनिटोबाच्या सपाट रस्त्यावरून बोलत असे आणि ती ओट्याशी कणीक मळता मळता ऐकत असे. दिवसाचे तीन-तीन तास हा संवाद चाले, आणि त्यात एकही कटू शब्द नसे. रस्त्यावरच्या नवऱ्याशी भांडू नये, त्याचे चित्त हलले तर चाक हलते, हा दंडक ब्रॅम्प्टनातली प्रत्येक ट्रकवाल्याची बायको पाळते. त्यामुळे बारा वर्षे त्या दोघांचा संसार अत्यंत मधुर चालला होता.

‘टीम’ हा शब्द तिच्या कानी पडला तो गुरुद्वाऱ्याच्या स्वयंपाकघरात. नवरा-बायको दोघांकडेही लायसन्स असले की कंपनी त्यांना एकाच ट्रकवर लांबच्या खेपा देते, आणि या व्यवस्थेला सगळी वसाहत टीम म्हणते. पोळ्या लाटणाऱ्या छिंदरभाभीने ही वार्ता लाटण्याच्या ठेक्यावर सांगितली.

“माझ्या नणंदेने टीम केली. आता महिना-महिना दोघं एकाच गाडीत. राजा-राणी नुसते!”

“मग मीही करते,” तृपत कौर म्हणाली.

“तू? अगं, तुला कार लावायला दोन माणसं लागतात. एक पुढे उभा, एक मागे!”

“ट्रकवरून मागचा माणूस दिसतच नाही, भाभी. म्हणजे एकच लागेल.”

अजायबसिंगाला तिने हे फोनवर सांगितले, तेव्हा रेजायनाजवळच्या कुठल्यातरी वळणावर ट्रकचा वेग एकदम कमी झाला.

“तृपत, हे काम बायकांचं नाही असं मी म्हणत नाही.”

“मग काय म्हणताय?”

“हे काम माणसांचंच नाही. आणि टीम म्हणजे काय, ठाऊक आहे ना? अखंड पाठ असतो तो, अखंड पाठ!”

अखंड पाठ म्हणजे धर्मग्रंथाचे दोन दिवस न थांबता चालणारे वाचन. पतीने आपल्या सहप्रवासाला इतक्या पवित्र गोष्टीची उपमा द्यावी, याहून अधिक स्त्रीने काय मागावे? तिने दुसऱ्याच दिवशी शाळेत नाव घातले.

शाळेचे आचार्य भुल्लर उस्ताद. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितले की ट्रक चालवण्याआधी त्याची प्रदक्षिणा करायची असते. दिवे, आरसे, टायर, नटबोल्ट, ब्रेकची हवा, एकेक वस्तू हाताने दाखवून इंग्रजीत मोठ्याने म्हणायची असते. प्रदक्षिणा आणि पठण या दोन्ही गोष्टी तृपत कौरच्या हाडीमासी खिळलेल्या होत्या. आठवडाभरात तिने ते सारे मुखोद्गत केले. उच्चार शुद्ध, क्रम निर्दोष, श्वास कुठे घ्यायचा तेही ठरलेले. पहाटे स्नान करून नित्यपाठ आटोपला की त्याच आसनावर ती ट्रकचाही पाठ म्हणे.

परीक्षेच्या दिवशी उंच, गोऱ्या परीक्षक बाई वही घेऊन उभ्या राहिल्या. तृपत कौरने ट्रकच्या नाकापाशी आरंभ केला. ती चौथ्या दिव्यापर्यंत आली तोच बाई म्हणाल्या, “छान, हे पुरे. आता ब्रेकचं सांगा.”

पाठ मध्येच तोडणे हा तिच्या माहेरी आणि सासरीही दोष मानला जाई. तिने नम्रपणे क्षमा मागितली, ट्रकच्या नाकापाशी परत गेली आणि पहिल्यापासून म्हणू लागली. बाईंनी पुन्हा थांबवले. तिने ओढणी सावरली आणि पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या आवर्तनात ती टायरपर्यंत पोचली आणि वेळ संपली. इंजिन सुरूसुद्धा झाले नव्हते.

“बीबीजी,” भुल्लर उस्ताद कपाळाला हात लावून म्हणाले, “ट्रकपुढे माथा टेकायचा तेवढा राहिला होता का?”

“पण उस्तादजी, मध्येच तोडलं तर दोष लागतो.”

“आणि नाही तोडलं तर नापास होतो! त्या बाईला तुमची भक्ती नको, ब्रेकची हवा हवी.”

मग महिनाभर उस्ताद आवाराच्या कुठल्याही कोपऱ्यातून ओरडत, “डावा आरसा!” “मागचा तिसरा टायर!” आणि तृपत कौर मनातल्या मनात कानाच्या पाळीला हात लावून तिथूनच सुरुवात करी. दुसऱ्या परीक्षेत ती उत्तीर्ण झाली. तिने ट्रक उलटा घेऊन दोन खांबांमध्ये असा बसवला की परीक्षक बाईंनी वही मिटली. लाडू वाटले गेले. छिंदरभाभी म्हणाली, “आता काय बाई, मधुचंद्रच!”

मधुचंद्राची पहिली खेप ब्रॅम्प्टन ते कॅलगरी अशी निघाली. कंपनीचा माणूस ढिल्लों याने वेळापत्रक हाती दिले: अजायबसिंग सायंकाळी सहा ते सकाळी सहा, बीबीजी सकाळी सहा ते सायंकाळी सहा, गाडी थांबायची नाही. पहिल्या सकाळी तिची पाळी आली, तेव्हा अजायबसिंगने पगडी उतरवून खुंटीला लावली, “सांभाळून ने,” म्हणाला, आणि आसनामागचा पडदा ओढून आतल्या बिछान्यावर आडवा झाला. पाचव्या मिनिटाला घोरणे ऐकू आले. सायंकाळी तो उठला आणि तिला त्याच बिछान्यात जावे लागले.

आपल्या प्राचीन कवींनी चक्रवाक पक्ष्याच्या रात्रीच्या विरहाविषयी फार अश्रू ढाळले आहेत. पण त्या जोडप्याला निदान सबंध दिवस तरी एकत्र लाभतो. तृपत कौर आणि अजायबसिंग यांना लाभत ती डिझेल भरतानाची अकरा मिनिटे.

“भरलं?”

“भरलं.”

“मागचा डावा टायर पाहिला?”

“पाहिला. जेवलात?”

“जेवलो. जा, झोप.”

पतीच्या अस्तित्वाची खूण म्हणजे रजईत उरलेली ऊब. आणि एक जण झोपलेला असल्यामुळे दुसऱ्याने फोनवर तरी कोणाशी बोलावे? पूर्वी तीन हजार किलोमीटरांवरून तीन तास बोलणारी ही दोन माणसे आता तीन हातांवरून दिवसाला चार वाक्ये बोलू लागली. पाचव्या खेपेत तिने डिझेलच्या नळीशेजारीच त्याला गाठले.

“तुम्ही मला आधी सांगितलं का नाही?”

“सांगितलं होतं की! अखंड पाठ म्हटलं होतं.”

“मला वाटलं, पुण्यकर्माचं म्हणताय!”

“मी आळीपाळीने पाठ वाचणाऱ्यांचं म्हणत होतो. एक वाचतो, तेव्हा दुसरा घोरतो.”

तृपत कौरने त्याच दिवशी ढिल्लोंला कळवले की सहाव्या खेपेनंतर आपले नाव टीममधून काढावे. ती घरी बसेल. फोनवरचा नवरा तरी परत मिळेल, एवढाच तिचा हिशेब होता. अजायबसिंग “तुझी मर्जी” म्हणाला आणि पडद्याआड गेला.

सहावी खेप फेब्रुवारीत निघाली. सकाळी सहाला वावा गावाजवळ तिने गाडी हाती घेतली, आणि तासाभरात व्हाईट रिव्हरपाशी पोलिसांनी हात दाखवला. पुढे हिमवादळ होते, रस्ता बंद होता. पेट्रोलपंपाच्या आवारात तीसेक ट्रक आधीच थिजून उभे होते. तिने आपलाही त्यांत उभा केला. ट्रक थांबताच घोरणेही थांबले. हलत्या बिछान्याची सवय झालेल्या माणसाला स्थिर जगात झोप येत नाही. पडदा सरकला.

“का थांबलीस?”

“रस्ता बंद आहे. कधी उघडेल, कोणी सांगत नाही.”

अजायबसिंग पुढच्या आसनावर येऊन बसला. दोघेही जागे, दोघेही शेजारी शेजारी. ती नववधूसारखी काचेबाहेर पाहू लागली. शेवटी तिने उठून मेथीचे पराठे गरम केले आणि दोन त्याच्या पुढ्यात ठेवले. त्याने एक घास घेतला, तो बराच वेळ चघळला आणि पराठा बाजूला सारला.

“काय झालं?”

“काही नाही. मला मेथी आवडत नाही.”

“आजच?”

“पहिल्यापासून.”

“बारा वर्षं मी डबा भरून देतेय! फोनवर ‘झकास झालेत’ कोण म्हणत होतं?”

“फोनवर कोण खरं बोलतं? मी ते कंपनीतल्या एका पोलिश ड्रायव्हरला देत होतो. तो तुला फार मानतो.”

तृपत कौरने बारा वर्षांत प्रथमच नवऱ्याकडे डोळे वटारले. चाक हलण्याची भीती नव्हती, चाके बर्फात रुतली होती. मग बांध फुटला. तो म्हणाला, ती उतारावर परीक्षक बाई शेजारी बसल्यासारखा ब्रेक लावते. ती म्हणाली, तो घोरतो तेव्हा इंजिनचा बिघाड ऐकू येत नाही. तो म्हणाला, ती रजईत पाय धुतल्यावाचून शिरते. मग तिने शांत स्वरात विचारले, “माझ्या भावाच्या लग्नाला आला नाहीत. ट्रक खरंच बिघडला होता?”

अजायबसिंग दाढी खाजवू लागला. “क्लच जरा...”

“क्लच!”

दुपारी चारला बर्फ सारणारे यंत्र पिवळा दिवा फिरवत गेले आणि रस्ता उघडला. तृपत कौरने पट्टा बांधला. “जा, झोपा. दोन तासांनी तुमची पाळी. नाही झोपलात तर गाडी उभी राहील.”

“राहू दे.” त्याने पगडी चढवली आणि शेजारचा पट्टा बांधला. “आधी क्लचचं ऐक. तू नेहमी अर्धंच ऐकतेस.”

एवढ्यात ढिल्लोंचा फोन आला. “बीबीजी, कुठे पोहोचलात? आणि पुढच्या महिन्यापासून तुमचं नाव काढू ना?”

“थांबा हो, ढिल्लोंजी,” ती अधीरपणे म्हणाली, “आमचं बोलणं चाललंय,” आणि तिने फोन बंद केला.

क्लचचे प्रकरण थंडर बेपर्यंत पुरले. तिथे दोघांच्याही पापण्या जडावल्या, ट्रक उभा करावा लागला आणि माल कॅलगरीला जवळजवळ एक दिवस उशिरा पोचला. विलंबाचे कारण विचारणाऱ्या चौकटीत अजायबसिंगने ‘वादळ’ असे लिहिले. किती वेळ, या रकान्यात काय लिहावे, असे त्याने बायकोला विचारले. ती म्हणाली, “अजून सुरू आहे म्हणून लिहा.”