एक तुकडा काढायचा राहिला

दिल्लीच्या मे महिन्यात पंखा बंद करून बसणारी माणसं दोनच प्रकारची: ज्यांची वीज गेलेली असते ती, आणि आम्ही. जेवणाच्या टेबलावर ह्यांचे जुने कागद मांडलेले असायचे. पंख्याचा एक फेरा झाला की काडेपेटीवरची चित्रं उडून थेट फ्रिजखाली. म्हणून रविवारी सकाळी मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही नवरा-बायको घामाने निथळत बसायचो. वर मी बोलायचंही नाही, कारण जोरात बोललं तरी कागद हलतो असं ह्यांचं म्हणणं. माझं म्हणणं वेगळं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते. सगळी नोकरी कागदांत गेली, आता तरी हा माणूस कागदांना सोडेल असं मला वाटलं होतं. पण जित्याची खोड. निवृत्तीनंतर जुन्या बाजारातून पिशव्या भरून कागद घरी यायला लागले: काडेपेट्यांवरची चित्रं, पुठ्ठ्याची रेल्वे तिकिटं, औषधाच्या बाटल्यांची लेबलं, कुणाकुणाच्या लग्नपत्रिका. करोल बागेतल्या एका कापडवाल्याने दुकान बंद करताना ताग्यांवर लावायच्या जुन्या रंगीत चित्रांचा गठ्ठा ह्यांना देऊन टाकला, त्या दिवशी हे पेढे घेऊन घरी आले. शेजारणीने विचारलं, कसले पेढे? काय सांगणार होते मी तिला!

त्या कागदांचे तुकडे कापून हे करड्या पुठ्ठ्यावर कोलाज मांडायचे. मांडणी ह्यांची, चिकटवणं माझं. खळ मी करायची, मैदा पाण्यात शिजवून, त्यात चिमूटभर मोरचूद घालून. सुरुवातीला मोरचूद घालायचं मला सुचलं नव्हतं आणि आमची पहिली दोन-तीन चित्रं कसरीने खाल्ली. निदान कुणाला तरी आवडली, एवढंच हे म्हणाले.

ह्यांची एक रीत होती. मांडणी झाली की लगेच चिकटवायचं नाही. वर खिडकीची जुनी काच ठेवायची आणि येता-जाता बघत राहायचं. मग चिकटवायच्या दिवशी, माझी खळ तयार असताना, त्यातला एक तुकडा काढून टाकायचा. दर वेळी. "हा एकटाच बोलतोय, बाकीच्यांना बोलू देत नाही," असं म्हणायचे, मीटिंगमधल्या एखाद्या साहेबाबद्दल बोलावं तसं. आधी मला ओळखायला लावायचे, कुठला ते. मला एकदाही ओळखता आलं नाही. मी बोट ठेवीन तो तुकडा हमखास राहायचा आणि भलताच जायचा. मी भांडायचे. पण तो गेला की चित्र मोकळं व्हायचं, हे मलाही दिसायचं. ते मी कबूल करत नसे, एवढंच.

गेल्या होळीनंतर हे सकाळी दूध आणायला खाली गेले आणि परत येताना जिन्यात बसले, ते उठलेच नाहीत. पिशवी हातातच होती. वर टेबलावर काचेखाली नवी मांडणी होती, आदल्याच दिवशी पुरी झालेली.

दिवसकार्याला पुण्याहून माणसं आली. घर लहान, पानं मांडायला जागा हवी, म्हणून जाऊबाईंनी टेबल बाल्कनीत सरकवू या म्हटलं. मी त्यांच्यावर अशी ओरडले की नंतर कुणी त्या टेबलाकडे बघेना. दुःखात आहे, म्हणाले सगळे. खरंच होतं ते.

माणसं गेली. मी ओट्यापाशी उभी राहून जेवायला लागले. सकाळी चहा घेऊन टेबलापाशी बसायचं आणि ह्यांनी ह्यातला कुठला काढला असता ते शोधायचं, हे माझं काम झालं. कडेने लग्नपत्रिकांची लाल-सोनेरी वेलबुट्टी होती. मधे रेल्वेची तिकिटं तिरकी, एकामागे एक. वर कापडाच्या ताग्यावरचा मोठा हिरवा पोपट, खाली कोपऱ्यात काडेपेटीवरचा घोडा. मला पोपटाचा संशय होता, सगळ्यात देखणा तोच. काच उचलून मी त्याला अलगद बाजूला केलं, तर चित्राचा जीवच गेला. परत ठेवला. मग रोज वेगळा तुकडा. पावसाळा संपला, हवा बदलली, तरी मी तिथेच.

दिवाळीला मुलगी बंगळुरूहून आली. मी उभ्याने जेवते हे पाहून तिचा चेहरा उतरला.

"आई, यार, हे चिकटवून टाकू या ना आता. पप्पांनी पूर्ण केलंच होतं ना?"

"नाही. एक तुकडा काढायचा राहिलाय."

तिला सगळं समजावून सांगितलं. ती उठली आणि तिनेच मैदा काढून दिला. खळ हा शब्द तिला आता आठवत नाही, ती लेई म्हणते. दिल्लीतच वाढली, तिचा काय दोष. मी खळ शिजवली, ब्रश धुतला. कुठलाच काढायचा नाही, आहे तसं चिकटवायचं, असं मनाशी ठरवलं.

काच तिने उचलली. बराच वेळ ती वाकून बघत होती. मग कोपऱ्यातला घोडा चिमटीत धरून म्हणाली, "हा मी घेऊ? पप्पांचं काहीतरी माझ्याजवळ राहील."

"ठेव तो जागेवर," मी ओरडले. पण माझी नजर पुठ्ठ्यावर गेली होती. घोडा होता तिथे आता नुसता करडा पुठ्ठा दिसत होता. इतके महिने अडून बसलेली तिकिटं त्या मोकळ्या जागेकडे निघाली होती. वरचा पोपटही तिकडेच बघत होता. हेच होतं ते. ह्यांनी हाच काढला असता, शपथेवर सांगते.

मला आनंद व्हायला हवा होता. झालं असं की मी खुर्ची ओढून बसले. ओळखता येत नव्हतं तेच बरं होतं, हे मला तेव्हा कळलं. चित्र अपुरं होतं, तोवर ह्यांचं इथलं काम बाकी होतं. निदान तेवढ्यासाठी तरी हे येतील, असं माझं वेडं मन धरून बसलं होतं. कुणाला सांगितलं असतं तर हसले असते.

घोडा घे, म्हणाले तिला. तिने तो पर्समध्ये ठेवला. मग मी एकेक तुकडा उचलला, पाठीला खळ लावली आणि होता तिथेच दाबून बसवला. तिकिटं, वेलबुट्टी, लेबलं, शेवटी पोपट. कडेला आलेली खळ ओल्या फडक्याने पुसली.

"झालं ना, आई?" तिने विचारलं.

हो म्हणायला तोंड उघडलं आणि मी पुसलेलीच कड परत पुसायला लागले. हो म्हटलं की हे गेले, एवढंच मला कळत होतं.