दौलतभाऊंचा आक्षेप

संपकरी कुटुंबाची परवड दाखवणारा एक जुना चित्रपट साम्यवादाच्या विरोधात आहे का? या प्रश्नावर दौलतभाऊंनी आणि मी दोन वर्षे वाद घातला. गेल्या महिन्यात मी कळंबला असताना त्यांच्या निधनाचा फोन आला आणि मनात आले, उत्तर तर सापडले होते. लोकांना सांगायचे राहून गेले…

दौलतभाऊ मारेगावचे. कापसाच्या जिनिंगमधल्या कामगारांची संघटना त्यांनी उभारली आणि आयुष्यभर लाल झेंडा वाहिला. मी तिथल्याच शाळेत इतिहास शिकवीत असे. वाचनालयाच्या चित्रपट मंडळात आम्ही दोघेही होतो. त्या चित्रपटाचा नायक संघटनेचा पुढारी. तो सभांना जातो आणि बायको एकटी तीन मुले जगवते. आम्ही हा चित्रपट दाखवला आणि दुसऱ्याच दिवशी दौलतभाऊंनी ठराव मांडला की, हा प्रचार आहे, पुन्हा दाखवू नये. त्यांच्या शब्दाखातर तो मंजूरही झाला. “सर, भुकेलं लेकरू दाखवाचं अन् बोट आमच्याकडं कराचं, एवढं मले समजत नाही काय?” मी प्रसंगवार टिपणे त्यांच्यापुढे ठेवी. शेवटी संघटनेच्याच बायका त्या घरी भाकरी घेऊन येतात, हे दाखवून देई. ते विषय बदलत.

एका दुपारी त्यांच्या घरी हाच वाद चालला असता वत्सलावहिनी डाळ निवडता निवडता म्हणाल्या, “यायले काय विचारता सर? हे तं मधातच उठून मीटिंगले गेलते. पुरा सिनेमा म्या एकटीनंच पाह्यला.”

दौलतभाऊ हसले. “सापडलो म्हणा ना!”

तोवर दम्यामुळे त्यांचे बाहेर जाणे थांबले होते. मी लॅपटॉप नेला आणि तिघांनी मिळून चित्रपट शेवटपर्यंत पाहिला. संपल्यावर ते माझ्याशी नव्हे, वहिनींशी बोलले. “तुह्यावर असे किती दिवस आले व?”

“मोजत बसली असती तं मीच लीडर झाली असती,” वहिनी म्हणाल्या. “पण बाया याच्या ना भाकरी घेऊन. तुमच्याच संघटनेच्या. तुमाले सांगाले तुमी घरी कधी होते?”

मग ते मला म्हणाले, “ठराव मागं घ्या लागते, सर. सिनेमा झेंड्यावर नाही रागावला. माह्यावर रागावला.”

ठराव त्यांनी स्वतःच मागे घेतला. त्यानंतरचे महिने ते रोज स्वयंपाकघरात बसत. वहिनी त्या बायांची नावे आठवून सांगत आणि ते वहीत लिहून घेत. कुणी काय आणले होते, तेही. वही अजून तिथेच, डब्यांशेजारी आहे. परवा वहिनींना आणखी एक नाव आठवले. ते त्यांनी माझ्याकडून लिहून घेतले.

तर माझे उत्तर असे : चित्रपट साम्यवादाच्या विरोधात नाही. एक शंका मात्र उरते. पुढाऱ्याच्या भाषणात कॅमेरा श्रोत्यांच्या जांभयांवर जरा जास्तच रेंगाळतो. त्याचा अर्थ मला अजून नीट लावता आलेला नाही. येत्या रविवारी वाचनालयात तो पुन्हा दाखवणार आहोत. माझ्या किंवा दौलतभाऊंच्या शब्दावर विसंबू नका. कृपया या, पाहा आणि स्वतः तपासा.