मावसभावाची केबल आणि माझी चारशे पत्रकं

अन्याय माझ्यावर झाला. गेल्या भोगीला, सकाळी साडेनऊ वाजता, निफाडजवळच्या आमच्या द्राक्षबागेत. आणि तो करणारा माझा मावसभाऊ हा अख्ख्या नाशिक जिल्ह्यातला सगळ्यात थंड माणूस आहे, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते.

तो दूरच्या एका प्रयोगशाळेत मोठाल्या चुंबकांच्या केबल गार ठेवतो. एवढंच. पण एवढ्यावर आमच्या घरात त्याला जो मान आहे, तो मला सहा वर्षं मोर्चे काढून मिळालेला नाही. मी घसा बसवून घरी आले की बाबा विचारतात, "जेवलीस का?" आणि हा सुट्टीवर आला की तेच बाबा ओट्यावर मांडी घालून दोन-दोन तास केबल ऐकतात. आता मलाही ती पाठ झाली आहे. उणे दोनशे एकोणसत्तर अंशांच्या द्रव हेलियममध्ये ती बुडालेली असते. तेवढ्या गारठ्यात तिच्या तंतूंमधून वीज बिनअडथळा धावते. पण एखादा तंतू केसभर सरकला, तेवढ्या घासण्याने जागा तापली, की वीज तिथे अडते. अडली की आणखी तापते, आणि बघता बघता सगळी केबल बिघडते. म्हणून तंतूंभोवती तांबं असतं. ऐन वेळी वीज तांब्यातून जाते, तेवढ्यात हेलियम ती जागा गार करतो, वीज परत आपल्या वाटेला लागते.

"म्हंजी एरवी तांबं नुसतंच पडून?" बाबा.

"वर्षानुवर्षं, काका. काही करत नाही, फक्त सोबत असतं."

"लय गुणी हाय." हे बाबा तांब्याला म्हणाले. मला आजवर म्हणाले नाहीत.

घरात शिरला की तो आधी फ्रिजच्या पाठीला, मग चार्जरला, मग पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरला उलटा हात लावतो. पोराचा ताप बघावा तसा. गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये, लग्नात, हा मांडवामागे जाऊन दिव्यांची वायर चाचपून आला आणि मंगलाष्टकं चालू असताना मेन स्विच पाडला. नवरदेव हार उंचावून अंधारात. मग कळलं, जोड वितळायला आला होता. सगळे म्हणाले, काय पोरगं आहे! त्याच हॉलमध्ये मी पानात टाकलेल्या अन्नाच्या नासाडीवर बोलायला उभी राहिले होते, तेव्हा माझा माईक मामांनी स्वतः काढून घेतला होता.

तर भोगी. जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी आणि दुपारी ऊन, यात घडांचे मणी गुलाबी पडतात, म्हणून आम्ही प्रत्येक घडाला रद्दीचा कागद गुंडाळतो. कॉलेजची दुपारी दोनची बस संस्थेने बंद केली, त्यावरची माझी चारशे पत्रकं शेडमध्ये होती. मावसभावाने ती रद्दी समजून बागेत कामाला आलेल्या बायांना वाटून टाकली. मी पोचले तेव्हा माझी मागणी द्राक्षांना गुंडाळून स्टेपल केलेली!

"ही पत्रकं आहेत, दादा! पत्रकं!"

"उष्णतेच्या दृष्टीने कागद तो कागद," तो म्हणाला आणि माझ्या कपाळाला उलटा हात लावला. "तापलीस."

मी बाबांकडे वळले. सकाळपासून ते पहिल्याच वेलीखाली होते. एका हातात स्टेपलर, दुसऱ्यात पत्रक. वाचत होते.

"पोरी फाट्यापासून घरापर्यंत चालत येत्यात, हे तू कधी सांगितलं नाय."

"सहा महिने सांगतेय, बाबा!"

"सांगत नव्हतीस. वरडत होतीस."

शेजारच्या ओळीतल्या पार्वताबाई कागद तसाच धरून म्हणाल्या, "माझ्या नातीचं कॉलेज ह्या बशीपायीच सुटलं, ताई. कधी जायाचं सांगा."

संक्रांत झाल्यावर बागेतल्या अकरा बाया, बाबा आणि मावसभाऊ माझ्यासोबत संस्थेच्या ऑफिसात आले. सचिव म्हणाले, "मुलींनाच हौस नाही शिकायची." दोन मिनिटांत ओरडून ओरडून माझा आवाज फाटला. तेव्हा कधी चारचौघांत न बोलणारे बाबा उठले. सावकाश बोलत राहिले, घडाला कागद लावावा तसे. सचिवांनी पेन खाली ठेवलं. मग बाबांनी मला कोपराने ढोसलं. "हां. बोल आता तू."

मी बोलले. न ओरडता. मागे भिंतीला टेकून मावसभाऊ शांतपणे स्विचबोर्डाला हात लावून बघत होता.

तो परत गेला. मला त्याचा हेवा आजही वाटतो. माझ्या बापाला वाचायला लावलं ते त्याच्या चुकीने, माझ्या सहा वर्षांनी नाही. पण संध्याकाळी बाबा ओट्यावर म्हणतात, "त्याची केबल गार असंल ना गं?" आणि त्याच्या रिकाम्या जागी बसून मी सांगते, "असेल, बाबा."

बस अजून सुरू झालेली नाही. येत्या सोमवारी दुपारी दोन वाजता कॉलेजच्या फाटकाशी या. घोषणा द्यायला मी आहे. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा.