टाचणीबाईंची माफी

टाचणीबाईंना तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, म्हणून हे नाव. तीस वर्षं परदेशात कपडे अल्टर करायच्या दुकानात गिऱ्हाइकांशी इंग्रजी बोलून त्यांचं डोकंही इंग्रजीतच चालायचं. आणि आता एकसष्टाव्या वर्षी स्पॅनिश! कारण काय, तर परक्या भाषेची सून नको म्हणून मुलाच्या लग्नाला त्या हट्टाने गेल्याच नव्हत्या. सून गुणाची निघाली, राग कधीच विरला; पण तिच्या आईला, म्हणजे विहीणबाईंना, तोंड कसं दाखवायचं? त्या येत्या महिन्यात पहिल्यांदा घरी येणार होत्या, आणि त्यांना स्पॅनिशशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

"आई, मी सांगतो ना तुझ्या वतीने," मुलगा म्हणाला.

"गाढवा, चूक माझी आणि माफी तू मागणार?"

झालं, बाई इरेला पेटल्या. स्पॅनिशच्या वर्गात रोज फजिती. "मला भूक आहे" म्हणायचं, तिथे इंग्रजीच्या वळणाने "मी भुकेली आहे" म्हणून जायच्या. टेबल-खुर्चीचं लिंग चुकायचं. "अगं बाई, लिंग तर आपल्या मराठीतही आहे की! हे मेलं इंग्रजीच मध्ये कडमडतं," असं त्या स्वतःलाच झापायच्या. चुकलेलं वाक्य कागदावर लिहून मशीनमागच्या पडद्याला टोचायच्या. कच्चा टाका घालायचा, बघायचं, उसवायचं, पुन्हा घालायचा. त्यात लाज कसली?

अखेर विहीणबाई आल्या, समोर बसल्या, आणि पाठ केलेलं सगळं ऐन वेळी पळालं. मुलगा मदतीला पुढे सरकला.

"तू गप बस," बाईंनी दटावलं आणि जमेल तसं स्पॅनिशमध्ये बोलून टाकलं. "मी लग्नाला येत नव्हते. माझं चुकलं. माफ करा."

विहीणबाईंनी मान हलवली. "'येत नव्हते' नाही," त्या एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या. "'आले नाही' म्हणा. एकदाच घडलं ना ते?"

मुलाचा चेहरा पडला. आई जीव ओतून माफी मागतेय आणि ह्या चुका काढतायत! टाचणीबाईंचे डोळे मात्र भरून आले. टाकून द्यायच्या कापडाचे टाके कोणी उसवत बसत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी खुर्ची पुढे ओढली, विहीणबाईंचा हात धरला आणि वाक्य पहिल्यापासून म्हटलं.