काढीसन दखाड

"ठेयेल शे म्हनू नको, काढीसन दखाड." ठेवलंय असं सांगू नकोस, काढून दाखव. हे म्हणताना काका उजव्या हाताचा तळवा तुमच्या नाकासमोर पसरायचे आणि त्यावर वस्तू पडेपर्यंत हात मागे घ्यायचे नाहीत. कपाटाची किल्ली असो नाहीतर स्टेपलर, तऱ्हा तीच. मला त्या तळव्याचा भयंकर राग यायचा. आज राग येतो तो दुसऱ्या माणसांचा, आणि त्या माणसांत मी पहिली.

सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका साडी प्रिंटिंग युनिटात मी डिझाइनचे रंग सुटे करायचं काम करते. आमच्या विभागातले कॉम्प्युटर ते सांभाळायचे. शिरपूरकडचे, राहायला कोसाडला. एक चष्मा नाकावर आणि एक खिशात, दोन पेनं, घराच्या किल्लीचे दोन जुडगे. "काका, लग्न तेवढं एकदाच केलंत," असं मी एकदा चिडवलं. "तिनी कॉपी व्हत नही, माय," ते म्हणाले आणि पुन्हा स्क्रीनकडे वळले.

सगळी डिझाइनं एका लिनक्सच्या मशीनवर असायची. रोज दुपारी एक वाजता ते मशीन आपोआप सगळ्याची प्रत पलीकडच्या खोलीतल्या डिस्कवर टाकायचं. वेळ त्यांनीच लावलेली. संध्याकाळी युनिट बंद झालं की मेन स्विच खाली, त्यामुळे रात्रीची वेळ उपयोगाची नाही. दिवसा आम्ही फायली उघडून बसलेले. राहिली साडेबारा ते दीडची जेवणाची सुट्टी. मशीनला ही वेळ सांगणारी ओळ त्यांनी मला हौसेने शिकवली होती. मिनिट, तास, तारीख, महिना, वार असे पाच खाने आणि पुढे काम. "हा हट्टी आहे," ते म्हणाले, "एकला मशीन बंद असलं तर दीडला उठून करणार नाही. गेली वेळ म्हणजे गेली." ओळीच्या आधी फुली-जाळीसारखी खूण केली की ती ओळ कॉम्प्युटर वाचत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. ती माणसांसाठी.

म्हणून त्यांनी मेन स्विचवर गुजरातीत कागद चिकटवला होता, जेवणाच्या वेळी बंद करू नये. आणि दर सोमवारी ते त्या डिस्कवरून ताजं एखादं डिझाइन काढून माझ्यासमोर उघडायचे. मोर दिसला, कोयरी दिसली, की वहीत बरोबरची खूण. काढून बघितल्याशिवाय खूण नाही. आम्ही पाठीमागे हसायचो.

मग त्यांचा मोठा भाऊ वारला आणि ते तीन आठवडे गावी गेले. जाताना वही माझ्या हातात दिली. "सोमवारी काढीसन देखजो," एवढंच म्हणाले.

ते गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मॅनेजर जेवणाच्या वेळी विभागात आला. "जमवाना टाइमे पंखा कोना माटे फरे छे?" जेवायला गेलात तर पंखे कोणासाठी फिरतायत! त्याने तो कागद माझ्या डोळ्यांसमोर फाडला, गोळा करून टाकला आणि फाटकन स्विच खाली ओढला. कॉम्प्युटर तसेच उघड्या तोंडाने बंद पडले. त्या दिवसापासून रोज तेच. दीड वाजता मीच ते मशीन पुन्हा चालू करायचे.

मला कळायला नको होतं? मला शिकवलेलं होतं. पण लगनसराचं काम अंगावर होतं, मॅनेजर डोक्यावर होता, आणि तीन सोमवार मी वहीत न बघता खुणा केल्या. छान, ठसठशीत खुणा. त्यातली एक डबा खाता खाता केली. आठवलं की अजून हात चावावासा वाटतो.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मशीनमधली डिस्क गेली. रोज असा अचानक गळा दाबल्यावर जाणारच. पलीकडच्या डिस्कवर होतं ते काका गावी गेले त्याआधीचं. त्यानंतरचं आठ जणांचं काम, नवा सगळा लगनसरा, साफ.

काका सोमवारी आले. डोक्यावर नुकतेच फुटलेले केस, हातात आमच्यासाठी गावाकडच्या शेवेची पिशवी. ती खाली ठेवायलाही कोणी सांगितलं नाही. शेठ सगळ्यांसमोर ओरडले, "आ तमारुं ऑटोमेटिक?" हेच का तुमचं ऑटोमेटिक! मॅनेजर शेजारी उभा राहून मान हलवत होता. त्या मानेला तेव्हा धरायला हवं होतं.

काकांनी स्विचकडे पाहिलं. कागद नव्हता, चिकटपट्टीचे चार तुकडे होते. मग त्यांनी माझ्या टेबलावरची वही उघडली. माझ्या तीन खुणा पाहिल्या. वही मिटली. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते आणि स्विचचं सांगितलं नाही, खुणांचंही नाही. घरात माझ्या पगाराची वाट बघणारी माणसं होती, हे खरं. त्यांच्या घरात नव्हती का?

"टाइम मैंने लगाया था, सेठ," ते म्हणाले.

एवढंच! मला त्यांचाही राग येतो. रोज आमच्या नाकासमोर तळवा पसरणारा माणूस, त्याने त्या दिवशी तो माझ्यासमोर का नाही पसरला? एकदा म्हणाले असते, काढीसन दखाड, तर मी ओकून टाकलं असतं. असं मी स्वतःला सांगते. त्यावर माझा विश्वास नाही.

त्यांना काढलं. जाण्याआधी त्यांनी नव्या डिस्कवर जुनी प्रत चढवली, प्रतीची वेळ बदलली आणि शेवेची पिशवी माझ्या खुर्चीवर ठेवून गेले. कोसाडची खोलीही पुढच्या महिन्यात रिकामी झाली.

सोमवारी डिझाइन काढून बघायचं काम आता माझं आहे. मी बघते. मागे एकदा वेळ तपासायला मी ती ओळ उघडली. एकच्या जागी साडेअकरा होते. वरती, कॉम्प्युटर वाचत नाही ती खूण करून, त्यांनी लिहिलं होतं:

# चूक मेन स्विचनी शे. पोरनी नही.

शेठ तिथे कधीच बघणार नव्हते. मॅनेजरला ती जागा माहीतही नाही. तिथे मी सोडून कोणी येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि लिहिलेलं खोटं होतं, निम्मं तरी.

ती ओळ मी पुसली नाही. तीच खूण करून खाली लिहिलं:

# पोरीचीही होती, काका.

सगळ्या विभागासमोर बोलायचं होतं ते मी असं बोलले, कॉम्प्युटरसुद्धा वाचत नाही अशा जागी. मग फाइल बंद केली आणि साडेअकराची वाट बघत बसले.