सुतकात विणलेली साडी

दामिनी माझ्या चौथीच्या वर्गात होती त्या वर्षी जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला. वर्गाच्या भिंतीवर मात्र जुनाच भंडारा जिल्हा टांगलेला. नवा नकाशा सरकारी चालीनं यायचा होता. ही पोर उभी राहून म्हणाली, "बाई, हा नकाशा आता खोटा आहे. काढून टाका ना." मी तिला दटावून खाली बसवलं. नकाशा राहिला, पण त्याच्यावर छडी ठेवताना मला दर वेळी ओशाळल्यासारखं व्हायचं.

पुढे ती हैदराबादला एका बड्या परदेशी कंपनीत अकरा वर्षं प्रोग्राम लिहीत होती. बत्तिसाव्या वर्षी ते सोडून भंडाऱ्याला परत आली तेव्हा मोहल्ल्यानं तिला वेड्यात काढलं. मीही काढलं. तिनं मला कारण सांगितलं ते असं: "बाई, तिथं मी एक ओळ लिहिली तरी दोघं तपासत, अन् त्यांनी तपासलेलं तिसरा तपासे. कोणाचा कोणावर भरोसाच नाई. मले अशा ठिकाणी काम करायचं आहे, जिथं माणसाचा शब्द पुरते."

असा शब्द तिच्या घरातच होता. बाप सेवकराम, कोसा रेशमाच्या करवतकाठी साड्यांचा नावाजलेला विणकर. काठावरच्या करवतीचे दाते दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखे, असं त्याचं काम. चाळीस वर्षांत एकाही व्यापाऱ्यानं आपलं कापड उलटून पाहिलं नाही, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आणि ते खरं होतं. गुडघे गेले तसा तो मागावरून उठला. दामिनीनं हातमागाच्या साड्या थेट गिऱ्हाइकांना विकायचं काढलं, तेव्हा मोहल्ल्यातले सात माग सांभाळायचं काम साहजिकच त्याच्याकडे आलं.

तिचा सगळा धंदा एका चिठ्ठीवर उभा होता. प्रत्येक साडीत एक चिठ्ठी: कुणी विणली, कधी सुरू केली, मागावरून कधी उतरली. माझं अक्षर बरं, म्हणून चिठ्ठ्या मी लिहायची. सेवकराम कागदावर नावं-तारखा द्यायचा आणि मी त्या वळणदार अक्षरात उतरवायची. पुण्याबंगलोरच्या बायका उलट विणकरणीला पत्रं पाठवत. आमच्या विणकरणींपैकी गिरजाबाईनं तर तशी दोन पत्रं देव्हाऱ्यात ठेवली होती. निवृत्त मास्तरीणबाईला अजून काय हवं? मी मिरवून घ्यायची.

दुसऱ्या दिवाळीच्या तोंडाशी मागण्या फार आल्या. एका दुपारी मी लिहीत होते: सुलोचनाबाई, सहा तारखेला सुरू, चोवीसला उतरली. चोवीस लिहिलं आणि पेन थांबलं. सुलोचनाबाईचा नवरा आठ तारखेला गेला होता. वीस तारखेला मी स्वतः तेरवीचं जेवून आले होते. आमच्याकडे सुतकात मागाला कुणी हात लावत नाही, आणि उरलेल्या पाच-सहा दिवसांत अशी साडी उतरत नाही. तेरवीला तिच्या मागावर चादर टाकलेली मी पाहिली होती, आणि तेव्हा दामिनी माझ्या शेजारीच बसली होती.

मी दामिनीला हाक मारली. तिनं चिठ्ठी वाचली, साडीची घडी मोडली आणि काठ उलटा केला. मागच्या बाजूला करवतीच्या दात्यांवर कापलेल्या धाग्यांची लव होती. हातमागावर दाते गुंफले जातात, धागा कापावा लागत नाही; हे यंत्रमागाचं काम. विणकराच्या पोरीला ते ओळखायला एक नजर पुरते. दोन वर्षांत तिनं बापाच्या हातून आलेलं एकही कापड उलटून पाहिलं नव्हतं, एवढंच.

सेवकराम ओट्यावर सुपारी कातरत बसला होता.

"बाबा, हे कुठलं?"

त्यानं वर पाहिलं नाही. "नागपूरवरून आणलं."

"अशा किती आणल्या?"

"मोजल्या नाई."

"काहून केलं असं?"

"सात मागांवर किती निघतीन? मागण्या येऊन राहिल्या होत्या. तुयं काम बसलं असतं तं लोक हासले असते. एवढी मोठी नोकरी सोडून आली अन् काय केलं, म्हणाले असते. बापानं पोरीसाठी इतकं बी करू नये काय?"

"माह्यासाठी?" दामिनी म्हणाली. "सुलोचनाकाकूच्या घरी सुतक होतं, बाबा. तिच्या नावानं माह्यासाठी?"

तो सुपारी कातरत राहिला. मला संताप आला, त्यातला निम्मा स्वतःवरच. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि असल्या किती खोट्या चिठ्ठ्यांना माझं वळणदार अक्षर लागलं होतं कोण जाणे. सुलोचनाबाईला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मायं नाव होतं. मले इचारलं बी नाई." त्यानंतर तिनं दामिनीसाठी विणलं नाही.

कुठली साडी खरी आणि कुठली खोटी हे दामिनीलाच ठाऊक नव्हतं. म्हणून तिनं एकूण एक गिऱ्हाइकाला लिहिलं: काठ उलटून पाहा, कापलेले धागे दिसले तर परत पाठवा. परत आलेल्या खोक्यांनी पुढची खोली भरली. त्यात खऱ्या साड्याही आल्या. लोकांचाही आता भरोसा उरला नव्हता.

खोकी फोडता फोडता ती एकदा म्हणाली, "कंपनीत मायं काम तपासत तं मले अपमान वाटे, बाई. पण अकरा वर्षांत तिथं मले कोणी फसवलं नाई." बापाशी ती जेवण वाढण्यापुरतं बोलायची.

दिवाळीनंतर सेवकरामनं गुडघ्यांना पट्टे बांधले आणि स्वतःच्या मागावर जाऊन बसला. दीड महिना लागला. दर तासाला भिंतीला धरून उठायचा, पुन्हा बसायचा. साडी उतरली तशी दोन्ही हातांवर घेऊन आला आणि दामिनीसमोर धरली. मला म्हणाला, "कुसुमताई, चिठ्ठी लिवा. सेवकराम म्हणून लिवा." मी पेन उघडलं.

दामिनीनं साडी घेतली आणि त्याच्यासमोरच काठ उलटा केला. मला त्याच्या तोंडाकडे पाहवेना.

"पाह्य," तो म्हणाला. "नीट पाह्य, बेटा."

दाते दोन्ही बाजूंनी सारखे होते. कुठंच खोट नव्हती. तरी तिनं पुढची घडी उलटली.